ताजच्या बॉलरूममधून वरातीच्या बँडपर्यंत

लिऑन ॲबी हा कृष्णवर्णीय अमेरिकी व्हायोलिनवादक १९३५ साली आपला बँड घेऊन मुंबईच्या ताज हॉटेलात उतरला आणि शहरात जॅझचा जमाना सुरू झाला. मागोमाग ट्रम्पेटवाला क्रिकेट स्मिथ आला, पियानोवादक टेडी वेदरफर्ड आला. १९३६ साली स्मिथच्या बँडने ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ची तबकडी काढली. मायदेशी वर्णभेद सोसलेल्या या कलावंतांना इथे मान मिळाला. समोर नाचायला संस्थानिक, पारशी शेठ, गोरे साहेब. गिरणीतल्या माणसाला तिथे प्रवेश कुठला!

म्हणूनच जॅझ म्हणजे श्रीमंतांचे चोचले, असं सांगून आपल्याकडे विषय संपवतात. मला ते मुळीच पटत नाही. त्या बॉलरूममधला सूर आमच्या कन्हेरीपर्यंत, बारामती-इंदापूरच्या वाड्यावस्त्यांपर्यंत पोचला. तो पोचवला गोव्याच्या वादकांनी.

पोर्तुगीज अमलातल्या गोव्यात चर्चच्या शाळेत पोरांना नोटेशन वाचायला शिकवत. पोटासाठी मुंबईत आलेली ही माणसं धोबीतलावच्या कुडांत राहत. कूड म्हणजे एकाच गावच्या लोकांनी मिळून चालवलेली जागा: भिंतीकडेने ट्रंका, एका बाजूला वेदी, संध्याकाळी सगळ्यांची मिळून प्रार्थना. कागदावरचं संगीत वाचून वाजवणारे हे वादक मोठमोठ्या बँडमध्ये सहज सामावले. फ्रँक फर्नांड वेदरफर्डच्या हाताखाली वाजवून तयार झाला. मिकी कोरियाच्या बँडने १९३९पासून पुढची दोन दशकं ताज गाजवलं. शेजारच्या ग्रीन्स हॉटेलात, जिथे आज ताजचा टॉवर उभा आहे, गोव्यातल्या अल्दोन्याचा आंतोनियो झेवियर वाझ ट्रम्पेट वाजवायचा. लोक त्याला चिक चॉकलेट म्हणत. अमेरिकी ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँग हे त्याचं दैवत. वाजवणंही तसंच, घोगरं गाणंही तसंच.

मग संस्थानं गेली, साहेब गेले, १९४९चा दारूबंदी कायदा आला. नाचघरांची कमाई आटली आणि वादकांनी सिनेमाचा रस्ता धरला. त्या काळातलं काम कसं चाले, ते पाहण्यासारखं आहे. संगीतकार पेटीवर चाल ऐकवायचा. गोवेकर अरेंजर ती स्वरलिपीत उतरवून व्हायोलिनने काय वाजवायचं, सॅक्सोफोनने कुठे उचलायचं, ट्रम्पेटने कुठे गप्प राहायचं, हे प्रत्येकाच्या कागदावर वेगवेगळं लिहून द्यायचा. पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांनी चिकला सोबत घेतलं आणि १९५१च्या ‘अलबेला’त भगवानदादा त्या ठेक्यावर नाचले. गिरणी कामगाराच्या या मुलाने ताजमधला नाच तंबूत, टुरिंग टॉकीजमध्ये आणला. आमच्याकडच्या वरातीत बँडवाल्यांनी ‘शोला जो भडके’ वाजवलं, तेव्हा त्यात जॅझचं माहेर न्यू ऑर्लिन्सही होतं आणि अल्दोनाही.

तिकडे चर्चगेटला ॲस्टोरिया हॉटेलातलं ‘व्हेनिस’ आणि ॲम्बॅसडरमधली ‘द अदर रूम’ साठच्या दशकात रंगत होती. अमेरिकी जॅझ पियानोवादक डेव्ह ब्रूबेक १९५८मध्येच मुंबईत वाजवून गेला होता. ब्राझ गोन्साल्विस सॅक्सोफोनवर रागदारीचे प्रयोग करत होता. पुढे डिस्कोथेक आले, जिवंत वादकांची जागा तबकड्यांनी घेतली. १९७८मध्ये निरंजन झवेरींच्या पुढाकाराने रंगभवनात ‘जॅझ यात्रा’ सुरू झाली, सॉनी रोलिन्ससारखा वादक तिथे वाजवून गेला. तेही उघडं नाट्यगृह नंतर शांतता क्षेत्राच्या नियमांत सापडलं.

मला सर्वांत जास्त सलतं ते या माणसांचं अनामिक राहणं. १९७७च्या ‘अमर अकबर अँथनी’त संगीतकार प्यारेलालांनी व्हायोलिनच्या आपल्या गुरूचं, अँथनी गोन्साल्विसचं नाव गाण्यात आणलं. लोकांना ते नाव अमिताभच्या पात्राचंच वाटलं. सेबॅस्टियन डिसूझा, फ्रँक फर्नांड या अरेंजरांची नावं तर जाणकारांपुरतीच राहिली. टीव्हीवर ‘अलबेला’ लागला, तर नाचणाऱ्यांच्या मागे उभ्या बँडकडे जरूर बघा. त्यात चिक आहे, खराखुरा, आपल्याच वादकांसह.