कागदावरच्या तांदळाचं शहर

ओसाकाला गेलेला पर्यटक दोतोंबोरीच्या कालव्याकाठी झगमगत्या पाट्यांसमोर फोटो काढतो, ताकोयाकी खातो, किल्ला बघतो आणि पुढच्या गाडीनं क्योटोला जातो. त्यात गैर काही नाही. पण या शहराचा खरा चमत्कार उत्तरेला, दोजिमा नदीच्या काठी घडला. आणि तिथं बघण्यासारखं आज फारसं काही उरलेलं नाही.

शहराच्या मधोमध दोन नद्यांच्या बेचक्यात नाकानोशिमा हे चिंचोळं बेट आहे, जेमतेम तीन किलोमीटर लांबीचं. एदो काळात, म्हणजे शोगुनांच्या राजवटीत, या परिसरात देशभरच्या सरदारांची शंभराहून जास्त गोदामं होती. तेव्हा जपानात शेतसारा तांदळात भरला जायचा आणि सामुराईंचा पगारही तांदळातच ठरायचा. पण तांदूळ खाऊन खाऊन किती खाणार? रोकड हवी तर तो विकायला हवा, आणि विकायचा तर ओसाकात. 'देशाचं स्वयंपाकघर' हे बिरुद शहराला चिकटलं ते उगीच नाही.

योदोया नावाच्या सावकार घराण्याच्या दारात तांदळाचा हा बाजार भरू लागला. १७०५ साली शोगुनशाहीनं त्यांची सगळी मालमत्ता जप्त केली. आरोप काय, तर व्यापाऱ्याला न शोभणारा डामडौल! कित्येक सरदार त्यांचे कर्जदार होते, हे कळलं की या नैतिक संतापाचा उलगडा होतो. पेढी बुडाली, पण योदोयाबाशी हे पुलाचं आणि स्टेशनचं नाव अजून टिकून आहे.

बाजार तोवर नदीपलीकडे दोजिमाला गेला होता. तिथं पोती कोणी हलवत नसे. गोदामाची चिठ्ठी हातोहात फिरे. एक चिठ्ठी म्हणजे दहा कोकु, सुमारे दीड हजार किलो तांदूळ. मग व्यापाऱ्यांनी चिठ्ठीलाही फाटा दिला. पुढच्या मुदतीचा सौदा फक्त वहीत मांडायचा आणि मुदत भरली की भावातला फरक चुकता करायचा. दाणा न बघता तांदळाची खरेदी-विक्री! सरकारला हा जुगार वाटे. पण भाव कोसळून सामुराईंचीच चूल विझायची वेळ आली, तेव्हा १७३० साली शोगुन योशिमुनेच्या सरकारनं या बाजाराला रीतसर मान्यता दिली. संघटित वायदेबाजाराचा हा जगातला पहिला नमुना मानतात. शिकागोचा धान्यबाजार सुरू व्हायला अजून शंभरावर वर्षं होती.

दिवसाचा व्यवहार संपवायची तऱ्हा तर बघण्यासारखी असणार. वात पेटवून टांगायची. ती विझली की बाजार बंद. तरी आरडाओरडा करत, हातवारे करत सौदे पुढे रेटणारे महाभाग असायचेच. त्यांना पांगवायला खास माणसं नेमलेली होती, आणि ती गर्दीवर चक्क पाणी ओतायची. भाव बाहेरगावी कळवायला डोंगराडोंगरावर माणसं उभी. एकानं झेंडा हलवायचा, लांबच्या दुसऱ्यानं दुर्बिणीतून तो वाचून पुढे हलवायचा. विजेच्या तारेआधीच्या काळात दोजिमाचा भाव काही मिनिटांत क्योटोला पोचत असे.

शोगुनशाही संपून मेइजी काळ आला, तेव्हा तांदळाच्या जोडीला सूतगिरण्या आल्या. त्यांना कापूस लागे तो मुंबईचा. १८९३ साली निप्पोन युसेन या जपानी जहाज कंपनीनं जमशेटजी टाटांच्या साथीनं जपान ते मुंबई बोटी सुरू केल्या, त्या या कापसासाठीच.

नाकानोशिमावर १९१८ साली पुरं झालेलं लाल विटांचं सार्वजनिक सभागृह आहे. इवामोतो एइनोसुके या शेअरदलालानं त्यासाठी दहा लाख येन दिले होते. पुढे बाजारात त्याचं दिवाळं निघालं. दिलेली देणगी परत मागायला त्यानं नकार दिला आणि इमारत पुरी व्हायच्या आधीच, १९१६ साली, आत्महत्या केली. शहर बघायला गेलात तर किल्ल्याआधी या सभागृहाच्या पायऱ्यांवर थोडं थांबा. किल्ल्याचा आजचा मनोरा १९३१ सालचा, काँक्रीटचा आहे.

दोजिमाचा तांदूळबाजार १९३९ साली, युद्धाच्या तोंडावर, बंद पडला. शहराची सवय मात्र गेली नाही. शेअरबाजाराच्या निक्केई निर्देशांकाचे वायदे जपानात पहिल्यांदा १९८८ साली सुरू झाले ते टोकियोत नव्हे, ओसाकातच.