आमच्या जिल्ह्यांत पाहण्यासारखें काय आहे ?

'दुरून डोंगर साजरे' ही म्हण आपण सर्वजण वापरतों. परंतु तिची दुसरी बाजू क्वचितच कोणाच्या लक्षांत येते. दूरचा डोंगर साजरा दिसतो, आणि उशाशीं असलेला डोंगर दिसतच नाहीं ! काशी-रामेश्वर झालेलीं, हिमालय पाहून आलेलीं, परदेशाच्या वाऱ्या केलेलीं किती तरी माणसें आमच्या यवतमाळांत आहेत. पण आपल्या जिल्ह्यांतील चार ठिकाणें मुलाबाळांना मुद्दाम नेऊन दाखविलीं, असें म्हणणारें घर विरळा. आमचें घरही त्याला अपवाद नव्हतें. हा लेख लिहिण्याचें कारण तेंच.

गेल्या दिवाळींत आमचा पुतण्या सहकुटुंब घरीं आला. तो बरींच वर्षें अमेरिकेंतील फिलाडेल्फिया शहरीं राहतो. त्याचा मुलगा तेरा वर्षांचा. मराठी सर्व समजतें, बोलतांना मात्र जरा अडखळतो. आमचें कुटुंब एकत्र आहे. दिवाळींत पानें मांडलीं म्हणजे दोन पंगती सहज होतात. पाडव्याच्या दिवशीं पंगतींत तो मुलगा आपल्या शहराचें वर्णन करूं लागला. ४ जुलै १७७६ रोजीं ज्या इमारतींत अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा मंजूर झाला, आणि १७८७ सालीं जेथें त्या देशाची राज्यघटना तयार झाली, ती इमारत त्याच्या गांवांत आहे. तिच्या शेजारीं एक मोठी घंटा ठेवलेली आहे. ती १७५२ सालीं लंडनहून आणली, वाजवून पाहतांनाच तिला तडा गेला, म्हणून पुन्हा ओतली. पुढें कालांतरानें तिला पुन्हा तडा गेला, आणि आज ती वाजत नाहीं. १८८६ सालीं डॉक्टर आनंदीबाई जोशी ह्यांना वैद्यकीची पदवी ह्याच शहरीं मिळाली, हें त्याच्या आईनें मध्येंच सांगितलें.

"घंटा फुटकी आहे, तरी लोक रांग लावून पाहतात," तो म्हणाला, आणि मग त्यानें सहज विचारलें, "आजोबा, आपल्या गांवांत पाहण्यासारखें काय आहे?"

पंगत एकदम गप्प झाली. आमच्या वडील बंधूंनीं तीस वर्षांहून अधिक काळ शाळेंत इतिहास शिकविला आहे. तेच म्हणाले, "कांहीं नाहीं रे बाळ. उद्यां चिखलदऱ्याला जाऊं, नाहीं तर नागपूरला."

थोरल्या वहिनी बाजूला खुर्चीवर बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "कांहीं नाहीं कसें ? शकुंतला आहे कीं."

"अहो, ती तर बंद पडली," बंधू म्हणाले.

"मग त्यांची घंटा तरी कुठें वाजते ?"

ह्या उत्तरावर कोणालाच बोलतां येईना. चिखलदऱ्याचा बेत रद्द झाला, आणि पुढचे चार दिवस आम्ही आमचाच जिल्हा पाहत हिंडलों.

पहिल्या दिवशीं अर्थातच शकुंतलेचें स्थानक. अरुंद रुळांची ही रेल्वे किलिक निक्सन ह्या इंग्रज व्यापारी पेढीनें उभारलेल्या कंपनीनें बांधली. यवतमाळाहून दारव्हा व कारंजा करीत ती मूर्तिजापुरास मुंबईच्या मोठ्या लोहमार्गाला मिळे. तिचें मुख्य काम कापूस नेण्याचें. दोन रुळांमधील अंतर अवघें अडीच फूट. १९२१ सालीं मँचेस्टर येथें तयार झालेलें वाफेचें इंजिन तिला कित्येक दशकें ओढीत होतें. तें १५ एप्रिल १९९४ रोजीं निवृत्त झालें, आणि त्याच्या जागीं डिझेलचें इंजिन आलें. देशांतील बाकीच्या रेल्वे सरकारजमा झाल्या, तरी ह्या मार्गाची मालकी खासगी कंपनीकडेच राहिली, हें तिचें आणखी एक वैशिष्ट्य. अलीकडच्या वर्षांत गाडी धावेनाशी झाली, आणि रुळांवर गवत माजलें.

येथें बंधूंचा शिक्षकी पेशा जागा झाला. त्यांनीं नातवाला सांगितलें कीं, ह्या गवतांतल्या रुळांचा तुझ्या देशाशीं जवळचा संबंध आहे. १८६१ ते १८६५ ह्या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध झालें. तेथून इंग्लंडला जाणारा कापूस थांबला आणि मँचेस्टरच्या गिरण्या अडल्या. तेव्हां इंग्रजांची दृष्टि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीकडे अधिकच वळली. वऱ्हाड १८५३ सालींच निजामाकडून त्यांच्या ताब्यांत आलेलें होतें. मागणी वाढली, भाव वाढले, कपाशीचा पेरा वाढला, मोठी रेल्वे आली, आणि तिच्या मागोमाग ही लहान रेल्वेही आली. मुलगा बराच वेळ रुळांकडे पाहत राहिला. "म्हणजे आमच्या युद्धामुळें ही गाडी आली ?" असें त्यानें विचारलें. अगदीं तसें नव्हे. पण त्या साखळींतील ती एक कडी खरी, असें बंधूंनीं त्याला समजाविलें.

वहिनींचें माहेर मूर्तिजापूरचें. साठ वर्षांपूर्वीं लग्न होऊन त्या ह्याच गाडीनें यवतमाळास आल्या. आम्हीं हें शंभरदां ऐकलें होतें. पण त्या दिवशीं त्यांनीं जें सांगितलें तें आम्हांलाही नवें होतें. "मूर्तिजापुराहून गाडी सुटली तशी मीं रडायला सुरुवात केली. गाडी हळू चाले, तेंच बरें. यवतमाळ येईपर्यंत रडून झालें होतें; तोंड पुसून सासरीं उतरलें." मुलानें विचारलें, "आजी, गाडी फास्ट असती तर ?" वहिनी हंसल्या. "तर सासूबाईंसमोर रडलें असतें." बंधू दुसरीकडे पाहूं लागले. साठ वर्षांच्या संसारांत ही गोष्ट त्यांनींही प्रथमच ऐकली असावी.

त्याच सायंकाळीं गांवांतून फेरी मारली. यवतमाळ हें नांव 'यवत' अथवा 'योत' आणि 'महाल' ह्यांवरून झालें, असें जुन्या गॅझेटियरांत म्हटलें आहे. अकबराच्या काळच्या ऐन-इ-अकबरींत हा परगणा योत-लोहारा ह्या नांवानें येतो, आणि तो लोहारा गांव आजही शहराला लागूनच आहे. जिल्हा प्रथम वणीच्या नांवानें ओळखला जाई. १९०५ सालीं जिल्ह्याला यवतमाळ हें नांव मिळालें. मराठी साहित्य संमेलन येथें दोनदां भरलें : १९७३ सालीं ग. दि. माडगूळकर अध्यक्ष होते, आणि २०१९ सालीं अरुणा ढेरे.

दुसऱ्या दिवशीं कळंब. हें गांव यवतमाळाहून अवघ्या अर्ध्या तासाच्या वाटेवर, चक्रवती नदीच्या कांठीं आहे. येथील चिंतामणीचें देवालय जमिनीच्या पातळीखालीं असल्यामुळें पायऱ्या उतरून खालीं जावें लागतें. गौतमऋषींच्या शापांतून मुक्त होण्यासाठीं इंद्रानें येथें गणेशाची आराधना केली, अशी कथा आहे. कुंडाचें पाणी बारा वर्षांनीं चढून देवाच्या चरणांना लागतें, असें भाविक सांगतात. गंमत अशी कीं, ज्या कळंबास आपण इतकीं वर्षें केवळ चतुर्थीला जात होतों, तेथें आतां मोठी रेल्वेही आली आहे. वर्धा-यवतमाळ-नांदेड ह्या नव्या मार्गापैकीं वर्धा ते कळंब हा टप्पा २८ फेब्रुवारी २०२४ रोजीं सुरू झाला. एक गाडी गवतांत निजली, आणि दुसरी दाराशीं आली !

तेथूनच पुढें राळेगांव तालुक्यांतील रावेरीस गेलों. येथें सीतेचें देऊळ आहे. रामावांचून एकट्या सीतेचें. लोककथा अशी कीं, वनवासांत टाकलेली सीता येथें राहिली, आणि बाळंतपणांत तिनें गांवांत पसाभर गहूं मागितले. गांवानें ते दिले नाहींत. तेव्हां 'ह्या गांवांत गहूं पिकणार नाहीं' असा शाप तिनें दिला. शेतकरी संघटनेचे शरद जोशी ह्यांच्या पुढाकारानें ह्या देवळाचा जीर्णोद्धार झाला. घरांतल्या सुना तेथें बराच वेळ बसून राहिल्या. कथा खरी कीं खोटी, हा प्रश्न कोणींच काढला नाहीं. मागणाऱ्या बाळंतिणीला नाहीं म्हणणें हें पाप त्या गांवानें इतकीं शतकें स्वतःच स्वतःविरुद्ध सांगत ठेवलें, ह्याचेंच आम्हांला नवल वाटलें.

तिसरा दिवस पांढरकवड्याचा. पेशवाईच्या इतिहासाची आवड असणाऱ्या वाचकांनीं हें ठिकाण अवश्य पाहावें. एप्रिल १८१८ मध्यें पाठलाग चुकवीत फिरणाऱ्या दुसऱ्या बाजीरावाच्या सैन्याचा कर्नल अॅडम्स ह्यानें ह्याच परिसरांत पराभव केला. पुढें जूनमध्यें बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाला. शनिवारवाड्यापासून निघालेली कथा आमच्या पळसाच्या रानांत संपत आली, हें आमच्यापैकीं किती जणांना ठाऊक असेल ? जवळच केळापुरास जगदंबेचें देऊळ आहे. तेथें ओटी भरून आम्ही टिपेश्वरच्या अभयारण्यांत गेलों. ह्याचा विस्तार सुमारे १४८ चौरस किलोमीटर. २०१९ सालीं येथला एक तरुण वाघ निघाला, आणि शेतें, ओढे, रस्ते ओलांडीत पांच महिन्यांत १३०० किलोमीटरांहून अधिक चालून बुलढाणा जिल्ह्यांतील ज्ञानगंगा अभयारण्यांत पोहोंचला. गळ्यांतील यंत्रामुळें त्याची वाट कळली. मुलांना वाघ दिसला नाहीं. पाऊल दिसलें, आणि त्यावरच त्यांनीं समाधान मानलें. परंतु ह्याच भागांत २०१८ सालीं एका वाघिणीला गोळी घालावी लागली, आणि त्यापूर्वीं कित्येक गरीब माणसांचे प्राण गेले होते, हेंही आम्हीं त्यांना सांगितलें. जंगल हें केवळ सहलीचें स्थळ नव्हे. त्याच्या कडेला माणसें राहतात.

शेवटला दिवस पुसदचा. समुद्र नसलेल्या वऱ्हाडांत मीठ कोठून आणावयाचें ? म्हणून १९३० सालीं येथें जंगलचा कायदा मोडण्याचें ठरलें. राखीव रानांतलें गवत परवानगीशिवाय कापणें हा गुन्हा होता. लोकनायक बापूजी अणे ह्यांनीं १० जुलै १९३० रोजीं पुसदजवळ तें गवत कापलें आणि अटक करवून घेतली. बापूजींचा जन्म ह्याच जिल्ह्यांतील वणीचा, २९ ऑगस्ट १८८० चा. पुढें ते बिहारचे राज्यपाल झाले. टिळकांवर त्यांनीं संस्कृतांत लिहिलेल्या 'श्रीतिलकयशोऽर्णव' ह्या ग्रंथास त्यांच्या मागें १९७३ सालीं साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. पुसदजवळच्या गहुली गांवीं १९१३ सालीं वसंतराव नाईक जन्मले. तेच पुढें १९६३ पासून १९७५ पर्यंत महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते.

रानाच्या कडेला उभे राहून बंधू बोलत होते. मध्येंच ते थांबले आणि म्हणाले, "बॉस्टनच्या बंदरांत चहा कसा बुडविला, हें मीं दरवर्षीं रंगवून शिकविलें. शाळेपासून हें गवत इतकें जवळ. पण एकही वर्ग मीं येथें आणला नाहीं." त्यांचा आवाज नेहमींसारखा नव्हता. मुलगा कांहीं बोलला नाहीं. त्यानें वाकून गवताची एक काडी तोडली आणि वहींत ठेवली.

वेळ असता तर उमरखेड तालुक्याच्या सीमेवरचा, पैनगंगेचा सहस्रकुंड धबधबाही पाहिला असता. तो पुढल्या पावसाळ्यानंतरसाठीं राखून ठेवला आहे. वणीचें रंगनाथस्वामींचें देऊळही राहिलें. आमच्या अनुभवावरून वाचकांस सुचवावेंसें वाटतें कीं, नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. कळंब व रावेरी एका दिवसांत, पांढरकवडा व टिपेश्वर दुसऱ्या दिवसांत, पुसदला मात्र स्वतंत्र दिवस द्यावा. आणि घरांतील सर्वांत वृद्ध व्यक्तीला बरोबर घ्यावें. तिची दगदग होईल खरी. पण जें कोणत्याही पाटीवर लिहिलेलें नाहीं, तें तीच सांगूं शकते.

फिलाडेल्फियाची घंटा वाजत नसतांनाही लोक पाहतात, ह्याचें कारण धातूंत नाहीं. तिची गोष्ट सांगणारीं माणसें तेथें आहेत. आमच्याकडे रूळ आहेत, रान आहे, देवळें आहेत. सांगणारीं माणसें मात्र एकेक करून कमी होत आहेत. पुतण्याचें कुटुंब परत गेल्यावर बंधूंनीं एक जाड वही आणली. दुपारीं ते वहिनींना विचारतात, आणि लिहून घेतात : गाडी कोणत्या स्थानकावर किती थांबे, माहेरीं जातांना बरोबर काय बांधून देत, पाण्यासाठीं कोण उतरे. वहिनी आधीं कंटाळल्या. आतां वही दिसली नाहीं तर त्याच विचारतात. येत्या जुलैंत गल्लींतील मुलांना घेऊन पुसदला जाण्याचा बंधूंचा विचार आहे. वाचकांपैकीं ज्यांचीं घरें आमच्या वाटेवर असतील, त्यांनीं आपलीं मुलें अवश्य पाठवावीं.