थंडीच्या सहलीस विद्युज्जनित्र कोणतें न्यावें?

पूर्वी आपल्या घरांतून प्रवास म्हटला म्हणजे काशी किंवा पंढरपूर. आतां तरुण मंडळी भर जानेवारींत लडाखला जाऊन तंबूंत राहूं इच्छितात. हौस चांगलीच आहे. परंतु फोन, कॅमेरे, दिवे यांस वीज लागते, आणि मग लहानसा जनरेटर बरोबर घेण्याची गोष्ट निघते. आमच्या घरींही ती निघाली. पुतण्यानें माहितीपत्रकें पुढें ठेवून विचारिलें, “काका, यांतला कोणता घ्यावा?” त्या निमित्तानें जें वाचलें व जाणत्यांस विचारून घेतलें, त्याचें सार येथें देत आहें.

प्रथम एक घडलेली हकीकत. 1934 सालीं अमेरिकन ॲडमिरल रिचर्ड बर्ड हे दक्षिण ध्रुवप्रदेशांत, मुख्य तळापासून सुमारें 200 किलोमीटर दूर, बर्फांत पुरलेल्या एका खोलींत हिवाळाभर एकटे राहिले होते. बिनतारी यंत्रासाठीं पेट्रोलवर चालणारें एक जनित्र त्यांनीं शेजारच्या बर्फाच्या बोगद्यांत ठेविलें होतें. शेगडीचा धूर आधींच त्यांस बाधत होता. मे महिन्याच्या अखेरीस जनित्राच्या धुराची वाट बर्फानें तुंबली, आणि तें पाहावयास गेले असतां ते बेशुद्ध पडले. पुढें दोन महिने त्यांनीं आपली अवस्था सोबत्यांपासून लपविली. कारण आपल्यासाठीं त्यांनीं अंधारांत जीव धोक्यांत घालावा हें त्यांस नको होतें. अखेर ऑगस्टमध्यें तिघे सोबती येऊन पोंचले.

ज्या वायूनें हें केलें तो कार्बन मोनॉक्साइड. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. रक्तांतील हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षां दोनशें पटींहून अधिक ओढीनें त्याशीं बांधलें जातें. मग श्वास चालू असूनही शरीर गुदमरतें. उन्हाळ्यांत जनित्र आपोआप बाहेर राहतें. थंडींत मात्र तें गोठूं नये, चोरीस जाऊं नये म्हणून कोणीतरी तंबूच्या आडोशास आणतो. शिवाय उंचावर हवा विरळ असल्यामुळें इंधन पुरतें जळत नाहीं व हा वायू अधिक निर्माण होतो. सर्वांत वाईट गोष्ट अशी कीं, डोकें दुखणें, मळमळणें, गळून जाणें हीं याचीं लक्षणें विरळ हवेच्या आजारासारखींच असतात. “उंचीमुळें होत असेल” असें म्हणून माणूस पांघरुणांत शिरतो, आणि सकाळीं उठत नाहीं.

म्हणून पहिला प्रश्न “कोणता घ्यावा?” हा नसून “घ्यावाच काय?” हा होय. कागद घेऊन हिशेब करावा. चौघांचे फोन एकदां भरावयास सुमारें 60 वॉट-तास, कॅमेऱ्यांचे तितकेच, पांच वॉटचे दोन दिवे पांच तास लावले तर 50. एकंदर दिवसाचे 170 वॉट-तास. पांचशें वॉट-तासांची एक बॅटरीपेटी, थंडीनें तिची शक्ति घटते हें गृहीत धरूनही, दोन दिवस पुरावी. ना धूर, ना आवाज. मात्र लिथियमची पेटी शून्य अंशाखालीं असतांना भरूं नये, त्यानें ती कायमची बिघडते. ती रात्रीं तंबूंत, कपड्यांत गुंडाळून ठेवावी, आणि वस्तीच्या गांवीं उबेंत भरून घ्यावी. विजेच्या शेगडीचा विचार सोडून द्यावा. तिला हजार ते दोन हजार वॉट लागतात. ऊब लोकरीनें व गरम पाण्याच्या पिशवीनें मिळवावी.

मुक्काम आठवड्याहून अधिक असेल, अथवा झोपेंत श्वासाचें यंत्र लावणारें कोणी बरोबर असेल, तरच जनित्राची गरज पडते. तेव्हां पुढील गोष्टी पाहाव्या.

इन्व्हर्टर पद्धतीचें जनित्र घ्यावें. त्याचा वेग भारानुसार कमीजास्त होतो, म्हणून आवाज व इंधन कमी लागतें, आणि वीज स्थिर मिळाल्यानें नाजुक उपकरणें बिघडत नाहींत. एक किलोवॉटचें यंत्र सुमारें 13 किलो वजनाचें, दोनाचें 21 किलोंच्या आसपास असतें. प्रत्येक 300 मीटर उंचीमागें इंजिनाची शक्ति सुमारें साडेतीन टक्के घटते. लेह साडेतीन हजार मीटरांवर आहे. म्हणजे हजार वॉटचें यंत्र तेथें सहाशेंच्या जवळपास देईल. उंचीसाठीं निराळा जेट बसवितां येतो काय, हें विकत घेतांनाच विचारावें.

इंधन पेट्रोलच बरें. साधें डिझेल थंडींत दाट होऊन नळींत अडकतें. याच कारणास्तव लडाखसाठीं 2019 सालीं खास हिवाळी डिझेल निघालें. स्वयंपाकाच्या गॅसांत ब्यूटेन असतो. तो शून्याच्या खालीं वायुरूप होण्याचें जवळजवळ थांबतो. इंजिनांत तेल पातळ हवें. 5डब्ल्यू-30 या खुणेंतील ‘डब्ल्यू’ हा हिवाळ्याचाच निदर्शक आहे; निर्मात्यानें मान्य केलें असेल तर तेंच घालावें. दोरीनें सुरू होण्याची सोय असावीच, कारण कडाक्यांत बॅटरी दगा देते. इंजिनाच्या हवेची बारीक नळी गोठून तुंबत नाहीं ना, हें रोज पाहावें.

आणि शेवटीं जागा. तंबूपासून निदान 20 फूट दूर, वाऱ्याच्या खालच्या अंगास, धुराचें तोंड माणसांपासून फिरवून ठेवावें. बर्फापासून आडोसा हवा तर वर छप्पर द्यावें, भिंती नव्हेत. रात्रीं निजतांना तें बंदच करावें. तंबूंत बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा इशारायंत्र टांगावा. आणि डोकें दुखूं लागलें तर कारण शोधीत न बसतां सर्वांनीं आधीं बाहेर यावें.

आमच्या मंडळींनीं हिशेब केला आणि जनरेटर घेतला नाहीं. बॅटरीपेटी व तें इशारायंत्र एवढेंच नेलें. परत आल्यावर पुतण्या म्हणाला, “काका, तेथील रात्रीची शांतता ऐकावयास मिळाली.” माहितीपत्रकांत तिची किंमत लिहिलेली नव्हती.