मेक्सिकोची फळमाशी

माशी दिसली की आपला हात उठतो. निरखून पाहतो कोण? मेक्सिको व मध्य अमेरिकेतील ‘ॲनास्ट्रेफा ल्यूडेन्स’ मात्र निरखावीच लागते. १८७३ साली लोएव यांनी तिचे वर्णन केले. घरमाशीहून ती मोठी, अंग पिवळसर तपकिरी. पारदर्शक पंखांवर तशाच रंगाचे नागमोडी पट्टे. पण पट्टे तिच्या भाऊबंदांनाही असतात! खरी खूण मादीच्या पोटाअखेरच्या लांब नळीत. तीतील सुईने ती संत्र्याच्या, आंब्याच्या सालीखाली अंडी घालते. सुईचे टोक सूक्ष्मदर्शकाखाली तपासून जात ठरते. नुसता नर सापडला तर जाणकारही अडतात. टेक्सासमध्ये ही जात निघाली, की त्या टापूतली फळे बाहेर नेण्यावर निर्बंध येतात. माझ्यासारख्या कामगारांच्या माणसाला मग तोडणीचे मजूर आठवतात. फळ अडले की त्यांचा रोज अडतो.