माजावरच्या गाईचे गर्भाशय : पडद्यावर दिसणारी हालचाल

गाय माजावर आली, रेतनही झाले, तरी एकवीस दिवसांनी ती उलटली, अशी तक्रार ग्रामसेवकांच्या कानी नेहमीच येते. शेतकरी रेताला दोष देतो, रेतन करणारा उशिराला. दोन्हींत तथ्य असू शकते. परंतु ज्या अवयवात गर्भ धरावयाचा, तो त्या वेळी काय करीत असतो, याचा विचार क्वचितच होतो. गर्भाशय ही निर्जीव पिशवी नव्हे. ते स्नायूंचे बनलेले असून आपणहून आवळते व सैल होते.

ही गोष्ट हाताला पूर्वीपासून कळत होती. गुदाशयातून तपासणी करणाऱ्या पशुवैद्यास माजावरच्या गाईचे गर्भाशय ताठ लागते आणि माज सरल्यावर काही दिवसांनी तेच मऊ लागते. संशोधक गर्भाशयात लहानसा फुगा ठेवून दाब मोजीत असत. पण फुगा ही परकी वस्तू. गर्भाशय मुळातच आवळत होते की फुग्यामुळे आवळले, हे सांगणे अवघड होते.

ही अडचण श्राव्यातीत ध्वनिलहरींनी दूर केली. माणसाच्या कानाला सेकंदास सुमारे २० हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. जनावरांच्या सोनोग्राफी यंत्रातील लहरींची कंपने सामान्यतः ५० ते ७५ लाख असतात. या लहरी शरीरात शिरून परततात व त्यांच्या प्रतिध्वनीतून पडद्यावर चित्र उमटते. पातळ द्रव काळा, हाड पांढरे आणि गर्भाशयाची भिंत करडी दिसते. ग्लासगो येथील इयान डोनाल्ड यांनी स्त्रियांच्या तपासणीतील या पद्धतीचा उपयोग १९५८ साली प्रसिद्ध केला. फ्रान्समध्ये १९८० साली ती घोडीवर वापरली गेली आणि अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात ओ. जे. गिंथर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली कालवडींवरील निरीक्षणे मांडली.

घोडीत जे दिसले ते खरोखर नवल वाटावे असे आहे. तिचा कोवळा भ्रूण लहान गोटीसारखा गोल असतो व सुमारे सोळाव्या दिवसापर्यंत गर्भाशयाच्या दोन्ही शिंगांतून फिरत राहतो. त्याला हातपाय नाहीत. गर्भाशयाची आकुंचनेच त्याला ढकलीत असतात. या फेऱ्यांतूनच घोडीच्या शरीराला गर्भ राहिल्याची खूण पटते. भ्रूणाला एकाच शिंगात अडवून ठेवले तेव्हा गर्भ टिकला नाही.

गाईचा भ्रूण असा भटकत नाही, तो दोऱ्यासारखा लांब वाढतो. म्हणून घोडीचा नियम गाईला जसाच्या तसा लावू नये. गाईच्या बाबतीत महत्त्वाची ती माजाची वेळ. प्रोब स्थिर धरून पाहिल्यास शिंगे वेटोळी, भिंत फुगीर आणि आत थोडा काळा द्रव दिसतो. भिंत मधूनमधून आवळताना दिसते. माजातील इस्ट्रोजेन या संप्रेरकाने स्नायू चेततात व ऑक्सिटोसिनाने जोर धरतात. पुढे प्रोजेस्टेरॉन वाढले की ते शांत होतात.

या हालचालीचा शुक्रजंतूंच्या प्रवासाशी संबंध आहे. इलिनॉय विद्यापीठातील १९५१ सालच्या प्रयोगात मृत शुक्रजंतूही काही मिनिटांत बीजवाहिनीत पोहोचले होते. मेलेला जंतू पोहत नाही, हे उघड आहे. अर्थात फलन करू शकणारे जिवंत जंतू तेथे पुरेशा संख्येने जमण्यास कित्येक तास लागतात. म्हणूनच सकाळी माज दिसल्यास सायंकाळी व सायंकाळी दिसल्यास दुसऱ्या दिवशी सकाळी रेतन करावे, हा जुना नियम आजही योग्य आहे.

आता गोठ्यातील व्यवहाराकडे वळू. भ्यालेल्या जनावराच्या रक्तात ॲड्रेनलिन उतरते. ते ऑक्सिटोसिनाला अडवते व गर्भाशय सैल पाडते. पान्हा चोरणारी गाय सर्वांनी पाहिली आहे. येथेही तेच कारण. तेव्हा रेतनासाठी गाय उन्हातून पळवीत आणू नये, मारू नये, चार जणांनी आरडाओरड करीत दाबून धरू नये. दवाखान्यात आणल्यावर तिला सावलीत उभे राहू द्यावे. रेतन करणाऱ्यानेही घाई न करता गर्भाशयाचे मुख ओलांडताच रेत हलकेच सोडावे.

वारंवार उलटणाऱ्या प्रत्येक गाईचे कारण पडद्यावर सापडेल असे मात्र नाही. आहार, खनिजांची उणीव, गर्भाशयाचा दाह यांचाही तपास करावा लागतो. सोनोग्राफीचा रोकडा लाभ असा, की रेतनानंतर सुमारे तीस दिवसांनी गाय गाभण आहे की भाकड, हे कळू शकते. भाकड गाय आणखी महिना-दोन महिने आशेवर पोसण्याचा खर्च वाचतो.

एका गोष्टीबद्दल स्पष्ट बोलणे भाग आहे. काही जण व्यायला उशीर लागला की ऑक्सिटोसिनची सुई स्वतःच टोचतात. गर्भाशयाचे मुख उघडले नसताना किंवा वासरू आडवे असताना अशी सुई दिल्यास गर्भाशय फाटण्याचा धोका असतो. ती पशुवैद्याच्या सांगण्याशिवाय देऊ नये. व्याल्यानंतर वासरू पाजल्याने गाईच्या शरीरात तेच द्रव्य आपोआप सुटते व वार पडण्यास मदत होते. वार बारा तासांत न पडल्यास तिला दगड बांधू नये, ओढू नये, दवाखान्यात कळवावे.