विमानाच्या पोटाखालचा डोळा

मुंबई, प्रतिनिधी

वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राच्या आवारात 'मारुत' हे भारतीय बनावटीचे लढाऊ विमान ठेवलेले आहे. लालबाग-परळच्या शाळांची सहल तेथे गेली की मुले त्याच्यासमोर हमखास रेंगाळतात. या विमानाच्या वैमानिकापाशी लक्ष्यवेधासाठी काय होते? समोरच्या काचेवर दिसणारी नेमाची खूण आणि स्वतःची नजर. १९७१च्या युद्धात राजस्थानच्या आघाडीवर मारुतांनी हल्ले केले ते याच बळावर. लक्ष्य डोळ्यांना दिसेल इतके खाली यायचे, सूर मारायचा, मारा करायचा आणि विमानविरोधी तोफांनी गाठण्यापूर्वी वर निघून जायचे.

कारगिलमध्ये हे गणित मोडले. २७ मे १९९९ रोजी एक मिग-२१ आणि दुसऱ्याच दिवशी एक एमआय-१७ हेलिकॉप्टर शत्रूच्या क्षेपणास्त्रांनी पाडले. खांद्यावरून डागता येणाऱ्या या क्षेपणास्त्रांच्या टप्प्याबाहेर राहायचे तर विमानांना खूप उंचावरून उडणे भाग होते. मात्र त्या उंचीवरून डोंगरकड्यावरचे तंबू आणि दगडी मोर्चे नुसत्या डोळ्यांनी दिसणे अशक्यच. त्यातच नियंत्रण रेषा ओलांडायची नाही, असा सरकारचा स्पष्ट आदेश होता. सुरुवातीच्या काही मोहिमांत मिग विमानांच्या वैमानिकांनी हातात मावणारे जीपीएस यंत्र आणि स्टॉपवॉच यांच्या हिशेबाने बॉम्ब टाकले, हे आज वाचताना खरे वाटत नाही.

या पेचातून वाट काढणाऱ्या साधनांपैकी एक म्हणजे 'लायटनिंग' हा पॉड. हैफा येथील राफाएल या इस्रायली कंपनीने तो बनविला आहे. पॉड म्हणजे विमानाच्या पोटाखाली किंवा पंखाखाली टांगलेले नळकांडे. लांबी सुमारे सव्वादोन मीटर, जाडी घरगुती गॅस सिलिंडरहून थोडी जास्त, वजन दोनशे किलोंच्या आसपास. मिराज-२००० विमानावर हा पॉड आणि लेझर-नियंत्रित बॉम्ब यांची सांगड ऐन युद्धात, घाईघाईने घालण्यात आली.

नळकांड्याच्या तोंडाशी सर्व बाजूंना फिरणारे एक डोके असते. त्यात उष्णता टिपणारा कॅमेरा, दिवसा उपयोगी पडणारा टीव्ही कॅमेरा आणि लेझर अशी तीन साधने एकाच रेषेत बसविलेली असतात. अंधारातही दगडापेक्षा माणूस, चूल किंवा नुकताच बंद केलेला ट्रक अधिक उष्ण असतो. तो पडद्यावर वेगळा उठून दिसतो. विमान डोलले, वळले तरी हे डोके गतिरोधक बसवल्यासारखे लक्ष्यावर स्थिर राहते. खरी करामत याच स्थैर्यात आहे. दहा किलोमीटरवरून पाहताना एका अंशाची चूक झाली तर जमिनीवर ती सुमारे पावणेदोनशे मीटर भरते. लालबागमध्ये एवढ्या अंतरात चाळीमागून चाळी लागतात.

पण या डोक्याने पाहायचे कुठे? ते दिशादर्शन यंत्रणेने सांगावे लागते. विमानाला स्वतःचा ठावठिकाणा काटेकोर ठाऊक असेल तरच पॉड योग्य कड्याकडे वळतो. म्हणूनच अमेरिकेने 'लँटर्न' ही जोडी तयार केली होती. तिच्यातील एक पॉड रात्री, जमिनीलगत उडताना वाट दाखवायचा. त्यातील रडार पुढची टेकडी ओळखायचे. दुसरा पॉड लक्ष्य धरायचा. १९९१च्या आखाती युद्धात ही जोडी वापरली गेली. पुढे जीपीएस सर्वत्र आल्यावर वाट दाखवणाऱ्या पॉडची गरज कमी झाली.

लक्ष्य धरल्यावर पॉडमधून डोळ्यांना न दिसणारा लेझर किरण सोडला जातो. तो अखंड नसून ठरावीक लयीत लुकलुकतो. बॉम्बच्या नाकातील ग्राहकाला तीच लय आधी शिकवून ठेवलेली असते. लक्ष्यावरून परावर्तित झालेला तोच प्रकाश तो शोधतो आणि लहान पंख हलवून बॉम्बची दिशा सुधारत राहतो. बॉम्बला इंजिन नसते. टायगर हिलसारख्या लक्ष्यावर तीन-साडेतीन किलोमीटर वरून टाकलेल्या बॉम्बला खाली पोचायला जवळपास अर्धा मिनिट लागतो आणि तेवढ्यात तो सहा-सात किलोमीटर पुढे जातो. मुंबई सेंट्रलवर हातातून सोडलेली वस्तू दादरला पडावी, तसा हा प्रकार. तेवढा वेळ किरण लक्ष्यावरून हलता कामा नये.

मध्ये ढग आला की सगळे फिसकटते, कारण लेझर ढगाला भेदत नाही. २३ जून १९९९ रोजी टायगर हिलवरचा हल्ला ढगांमुळे सोडून द्यावा लागला. दुसऱ्या दिवशी आकाश मोकळे मिळाले आणि शिखरावरच्या ठाण्यावर बॉम्ब पडला. तत्कालीन हवाईदल प्रमुख, एअर चीफ मार्शल अनिल यशवंत टिपणीस, त्या वेळी दुसऱ्या एका मिराजमध्ये बसून हे पाहत होते. पॉडने टिपलेले ते कृष्णधवल दृश्य पुढे घराघरांतील दूरचित्रवाणीवर दिसले.

येथे थोडी कुरकुर नोंदवली पाहिजे. या चित्रफितीमुळे एकट्या पॉडनेच कारगिल जिंकले, असा समज रूढ झाला आहे. प्रत्यक्षात त्या युद्धात लेझर-नियंत्रित बॉम्ब मोजकेच वापरले गेले. १७ जूनला मुंथो ढालो येथील शत्रूचा रसदतळ मिराजनी उद्ध्वस्त केला तो साध्या बॉम्बनी, विमानातील संगणकाच्या हिशेबावर. आणि टायगर हिल ४ जुलैला ताब्यात आले ते पायी चढून गेलेल्या जवानांमुळे.

उलट, ही पद्धत किती परिणामकारक आहे हे व्हिएतनाममध्ये त्याआधीच दिसले होते. थान्ह होआचा पूल शेकडो फेऱ्या करूनही पडत नव्हता; १९७२च्या मे महिन्यात लेझर-नियंत्रित बॉम्बनी तो पडला.

'अचूक' हा शब्द मात्र जपून वापरावा. १३ फेब्रुवारी १९९१ रोजी बगदादमधील अमिरिया येथील आश्रयस्थानावर अमेरिकेने दोन लेझर-नियंत्रित बॉम्ब टाकले. ते तंतोतंत ठरलेल्या जागी लागले. ही इमारत लष्करी ठाणे आहे, असा अमेरिकेचा दावा होता. आत मात्र आसऱ्याला आलेली कुटुंबे होती. चारशेहून अधिक नागरिक मरण पावले. कॅमेऱ्याला छप्पर दिसते, त्याची ऊब दिसते. छपराखाली कोण झोपले आहे, ते दिसत नाही. वस्ती जितकी दाट, तितका हा फरक जीवघेणा. गिरगावच्या एखाद्या वाडीत घराला घर लागून असते. तेथे नेम बरोबर लागूनही शेजारचे घर वाचेल, याची हमी कोणताही पॉड देत नाही.

तंत्र आता पुढे गेले आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये बालाकोटवर मिराजनी टाकलेल्या 'स्पाइस' बॉम्बना लेझरची गरज नव्हती. लक्ष्याचे चित्र त्यांच्या स्मृतीत आधीच भरलेले होते. तरीही पॉड कालबाह्य झालेले नाहीत. लक्ष्य हलते असेल, किंवा शेवटच्या क्षणी हल्ला थांबवायचा असेल, तर पडद्याकडे पाहणारा माणूस लागतोच. लायटनिंग पॉड 'तेजस' विमानांवरही बसविले जातात. नाशिकजवळच्या ओझर येथे जुळणी झालेले पहिले तेजस मार्क-१ए १७ ऑक्टोबर २०२५ रोजी आकाशात झेपावले.