जुन्या होडीला नवी मोटर

दुप्पट वेगाने जायचे तर शक्ती किती पट लागेल? हा प्रश्न वर्गात विचारला तर बहुतेक हात ‘दुप्पट’ या उत्तरासाठी वर होतात. गतिज ऊर्जेचे सूत्र नुकतेच शिकलेले दोघेचौघे ‘चौपट’ म्हणतात. पाण्यावर धावणाऱ्या वेगवान होडीसाठी खरे उत्तर ‘जवळजवळ आठपट’ असे आहे. रेडिओने चालवायच्या विजेच्या होड्या ज्यांनी हाताळल्या आहेत त्यांना हे उत्तर ठाऊक असते. काहींना सूत्रावरून, बाकीच्यांना जळलेल्या मोटरच्या वासावरून.

रेडिओने होडी चालवण्याची कल्पना नवी नाही. निकोला टेस्ला याने १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पाण्याच्या हौदात लोखंडी होडी सोडून ती तारेविना वळवून दाखवली होती. तीही बॅटरीवरच चालत होती. पण आपल्याला आज वळवण्याचा नव्हे, वेगाचा विचार करायचा आहे. त्यासाठी १९९० च्या दशकात या छंदात सर्रास दिसणारी एक होडी घेऊ. फायबरग्लासची, ६५ सेंटिमीटर लांब, तळ इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखा, वजन पावणेदोन-दोन किलो. आत कार्बनच्या ब्रशांची साधी मोटर आणि निकेल-कॅडमियमचे सहा घट. अशी एखादी होडी माळ्यावर पडून असते. घट मेलेले असतात, दांडा गंजलेला असतो, आणि घरातल्या कोणाला तरी ती पुन्हा पाण्यात, तीही पूर्वीपेक्षा जोरात, पळवायची असते.

अशा वेळी पहिला मोह मोटरीकडे धावण्याचा होतो. आम्ही म्हणू, आधी होडी पालथी घाला.

संथ चालणारी होडी पाणी बाजूला सारत जाते आणि लाटा उठवते. वेग वाढला की या लाटांची लांबी वाढते. ती होडीच्या लांबीइतकी झाली की नाळ एका लाटेच्या माथ्यावर आणि मागची फळी दुसऱ्या लाटेवर, अशी होडी अडकते. आणखी जोर लावला तर तिला स्वतःच उठवलेल्या लाटेवर चढावे लागते. हा वेग काढायची रीत सोपी आहे: होडीची लांबी मीटरमध्ये घ्या, तिचे वर्गमूळ काढा, १.२५ ने गुणा. उत्तर सेकंदाला मीटर असे येते. आपल्या ६५ सेंटिमीटरच्या होडीसाठी ते अवघे १ येते, म्हणजे ताशी साडेतीन किलोमीटर. तळ्याकाठी चालणारा माणूसही तिला मागे टाकेल. बदकही पोहताना याच मर्यादेत असते.

यातून सुटण्याचा मार्ग म्हणजे पाणी बाजूला सारायचे सोडून पाण्यावरून घसरत जायचे. पाण्यावर भिरकावलेली चपटी ठिकरी अशीच उड्या मारत जाते. तळाखालून मागे जाणारे पाणी किंचित खाली ढकलले जाते आणि त्याच्या प्रतिक्रियेने होडी वर उचलली जाते. हे नीट घडायला तळाचा मागचा तिसरा भाग लांबीच्या दिशेने अगदी सरळ हवा. पोलादी पट्टी तळावर उभी धरून पलीकडून विजेरीचा झोत टाकला की फट दिसते. तळ मागे आत दबलेला असेल तर नाळ पाण्यात दाबली जाते. बाहेर फुगलेला असेल तर होडी घोड्यासारखी उड्या मारते. दोन्ही दोष इपॉक्सीचे लुकण भरून आणि लाकडी ठोकळ्यावर गुंडाळलेल्या पॉलिश पेपरने घासून काढता येतात. जुन्या होड्या बहुधा पॉलिएस्टर राळेच्या असतात. त्यावर इपॉक्सी चांगली धरते, उलट क्रमाने मात्र तशी खात्री नसते.

मागच्या फळीची खालची कड आणि बाजूच्या कडा धारदार ठेवायच्या. बोथट काठाच्या भांड्यातून ताक ओतले की ते भांड्याच्या अंगावरून ओघळते, पातळ काठ असेल तर धार सुटी पडते. होडीच्या गोल झालेल्या कडांनाही पाणी असेच चिकटून वर चढते आणि तिला मागे ओढते. तासभर घासून कड धारदार केली तर होडीचा वेग एक पैसाही खर्च न होता वाढतो. या कामाला कोणी महत्त्व देत नाही, कारण ते दुकानात मिळत नाही.

आता आठपटीकडे वळू. घसरत जाणाऱ्या होडीला होणारा पाण्याचा विरोध साधारणपणे वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. शक्ती म्हणजे बल गुणिले वेग. बल वेगाच्या वर्गात आणि वर आणखी एकदा वेग, म्हणून शक्ती वेगाच्या घनात. पंख्याच्या बाजूनेही हेच दिसते. तोच पंखा दुप्पट फेऱ्यांनी फिरवायचा तर चौपट पीळ लागतो, आणि पीळ गुणिले फेरे म्हणजे पुन्हा आठपट शक्ती.

आपल्या जुन्या होडीचे आकडे असे धरू. भाराखाली बॅटरी साडेसहा व्होल्ट देते, विद्युतधारा २० अँपिअर. म्हणजे १३० वॅट. ब्रशच्या मोटरीची कार्यक्षमता ६५ टक्के धरली तर दांड्यावर ८५ वॅट पोचतात आणि ४५ वॅट मोटर तापवण्यात जातात. फेरे मिनिटाला १५ हजार. पंखा ३२ मिलिमीटर व्यासाचा, एका फेऱ्यात (निसटणे नसते तर) ४५ मिलिमीटर पुढे नेणारा. मग वेग सेकंदाला सव्वाअकरा मीटर हवा. पण पाणी घट्ट नसते, पंखा निसटतो, म्हणून प्रत्यक्षात साडेसात मीटर, म्हणजे ताशी २७ किलोमीटर, धरू. १.७ अँपिअर-तासाचे घट पाच मिनिटांत संपतात.

इथे सर्वात सोपा वाटणारा उपाय म्हणजे तीच मोटर, तोच पंखा आणि दीडपट व्होल्टची नवी बॅटरी. काय होईल? फेरे दीडपट होऊ पाहतील. पीळ फेऱ्यांच्या वर्गाने वाढतो, म्हणजे सव्वादोनपट लागेल. मोटरीत पीळ हा विद्युतधारेच्या प्रमाणात असतो, म्हणून धारा ४५ अँपिअर. आणि वेटोळ्यांत होणारी उष्णता धारेच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे पाचपट. थोडक्यात, शक्ती फेऱ्यांच्या घनाने वाढते, पण मोटरीतली उष्णता चौथ्या घाताने! होडीचा वेग दीडपट होण्याच्या आधीच ब्रश आणि वेटोळी जातात. दहावीच्या पुस्तकातला ज्यूलचा नियम इतक्या रोखठोकपणे क्वचितच भेटत असेल.

ब्रशविरहित मोटर हा यावरचा खरा तोडगा आहे. तिच्यात चुंबक फिरते आणि वेटोळी स्थिर, बाहेरच्या कवचाला टेकलेली असतात. त्यामुळे ब्रशांचे घर्षण आणि ठिणग्या जातात, आणि उष्णतेला बाहेर पडायची वाट मिळते. कार्यक्षमता ८० ते ८५ टक्के सहज मिळते. वेटोळ्यांतली धारा कधी कुठे वळवायची हे काम ब्रशांऐवजी इलेक्ट्रॉनिक नियंत्रक करतो, म्हणून जुना नियंत्रक काढावाच लागतो.

बॅटरीतला फरक तर थक्क करणारा आहे. जुन्या सहा घटांचे वजन सव्वातीनशे ग्रॅमच्या आसपास आणि ऊर्जा १२ वॅट-तास. लिथियम-पॉलिमरचे तीन घट, ११.१ व्होल्ट, ५ अँपिअर-तास: वजन चारशे ग्रॅमच्या आसपास आणि ऊर्जा ५५ वॅट-तास.

आता गणित पुन्हा करू. प्रत्येक व्होल्टला २,००० फेरे देणारी मोटर घेतली तर भाराखाली १८,७५० फेरे मिळतील असे धरू, जुन्याच्या सव्वापट. पंखा तोच. शक्ती सव्वाच्या घनाने, म्हणजे जवळजवळ दुप्पट, दांड्यावर १६६ वॅट. कार्यक्षमता ८३ टक्के धरली तर बॅटरीतून २०० वॅट, म्हणजे साडेअठरा अँपिअर. नीट पाहा: वेग ताशी ३४ किलोमीटर झाला, धारा जुन्याहून कमी आहे, आणि मोटरीत उष्णता होते ती ३४ वॅट, पूर्वीच्या ४५ पेक्षा कमी. बॅटरीचा ८० टक्केच भाग वापरला तरी होडी तेरा मिनिटे पळेल. आमच्या मते जुन्या तळासाठी इथेच थांबणे शहाणपणाचे.

हौशी मंडळी थांबत नाहीत. दुप्पट वेग, ताशी ५४ किलोमीटर हवा असेल तर दांड्यावर ६८० वॅट, बॅटरीतून ८२० वॅट, तीन घटांवर ७८ अँपिअर. आणि बॅटरी तीन मिनिटांत रिकामी. शर्यतीतले लोक म्हणूनच घट वाढवतात. सहा घट आणि व्होल्टला निम्मे फेरे देणारी मोटर घेतली की तीच शक्ती निम्म्या धारेत मिळते आणि तारांतली उष्णता चौथ्या हिश्शावर येते. विजेचे पारेषण उच्च दाबाने का करतात, हे समजावून द्यायला यापेक्षा हाताशी येणारे उदाहरण सापडणार नाही.

या सगळ्यात स्वस्त आणि सर्वात निर्णायक वस्तू म्हणजे पंखा. फेरे तेच ठेवून आकार प्रमाणात वाढवला तर लागणारा पीळ व्यासाच्या पाचव्या घाताने वाढतो. व्यास दहा टक्के वाढवला की पीळ १.६ पट आणि वेटोळ्यांतली उष्णता २.६ पट! प्रत्यक्षात होडी थोडी जोरात जाते, निसटणे कमी होते आणि वाढ जरा कमी भरते. पण दिशा हीच. म्हणून नव्या मोटरीवर पहिली फेरी नेहमी लहान पंख्याने मारावी. वेगवान होड्यांचे पंखे अर्धे पाण्याबाहेर राहतील असे बसवतात, म्हणजे दांडा आणि तुंबा पाण्यातून ओढावा लागत नाही. हे पंखे विकत आणल्यावर धार लावून समतोल करावे लागतात. त्यांतले काही बेरिलियम-तांब्याचे असतात. त्याची धूळ फुप्फुसांना घातक आहे. ते ओले ठेवूनच घासावेत, श्वसनाची योग्य जाळी तोंडावर असावी, आणि शाळेत तर हे काम करूच नये.

मोटरीपासून पंख्यापर्यंत पोलादी तारांचा पिळलेला लवचीक दांडा जातो. जोर आला की तो आवळतो आणि किंचित आखूड होतो, म्हणून पंख्यामागचा खुंटा आणि आधाराची नळी यांत काही मिलिमीटर फट ठेवायची. दर खेपेनंतर तो बाहेर काढून पुसायचा, ग्रीस लावायचे. नियंत्रकाच्या तारा लांबवायच्याच असतील तर मोटरीकडच्या लांबवाव्यात; बॅटरीकडच्या लांब तारांतील प्रेरकत्वामुळे नियंत्रकातल्या धारित्रांवर ताण येतो.

थंड ठेवायला पाणी फुकट आहे. सुकाणूतल्या भोकातून होडीच्या वेगानेच नळीत पाणी घुसते, नियंत्रक आणि मोटरीच्या कवचाभोवती फिरून बाजूने चिळकांडी उडते. मिनिटाला ३०० मिलिलिटर पाणी १०० वॅट उष्णता वाहून नेताना पाच अंशसुद्धा तापत नाही. चिळकांडी थांबली की होडी थांबवावी. जड बॅटरी पुढेमागे सरकवता येईल अशी बसवून गुरुत्वमध्य मागच्या फळीपासून लांबीच्या साधारण ३० टक्क्यांवर आणावा. आत फोमचे तुकडे कोंबावेत. पाणी भरले तरी होडी तरंगली पाहिजे.

रेडिओचे थोडक्यात. पूर्वी २७ मेगाहर्ट्झवर लांब तारेची अँटेना लागे, आता २.४ गिगाहर्ट्झला तरंगलांबी साडेबारा सेंटिमीटर असल्याने तीन सेंटिमीटरचे टोक पुरते. पण ते पाण्याच्या पातळीच्या वर हवे, कारण या लहरी पाण्यात शोषल्या जातात. संपर्क तुटल्यास मोटर आपोआप बंद होते ना, हे काठावरच तपासावे.

लिथियमचे घट हा मात्र थोडक्यात उरकायचा विषय नाही. दर घट ४.२ व्होल्टच्या वर भरायचा नाही आणि ३ व्होल्टच्या खाली उतरू द्यायचा नाही. प्रत्येक घट वेगळा मोजणाऱ्या भारकावरच, माणूस समोर असताना, न पेटणाऱ्या जमिनीवर भरायचे. फुगलेला घट पुन्हा वापरायचा नाही. ठेवून द्यायचे असतील तर ३.८ व्होल्टवर ठेवायचे. आदळलेला किंवा टोचला गेलेला घट काही वेळाने पेटू शकतो, म्हणून तो घरात आणू नये. बॅटरी जोडलेली असताना पंख्याला हात लावू नये, आणि जिथे लोक पोहतात त्या पाण्यात होडी सोडू नये. जुने कॅडमियमचे घटही कचऱ्यात टाकण्यासारखे नाहीत. कॅडमियम विषारी आहे.

आता मोजणी. होडीवर एकही मापक न बसवता सरासरी धारा काढता येते. बॅटरी पूर्ण भरून चार मिनिटे एकाच वेगाने पळवा. नंतर ती पुन्हा भरताना भारकाच्या पडद्यावर किती मिलिअँपिअर-तास परत गेले ते दिसते. १,४०० दिसले तर १.४ ला चार साठांशांनी भागा, २१ अँपिअर. काठावर ५० मीटर अंतरावर दोन काठ्या रोवून वेग काढा. मग फक्त पंखा बदला, २८, ३०, ३२ मिलिमीटर, आणि दर वेळी धारा, वेग आणि होडी थांबताच मोजलेले मोटरीचे तापमान लिहून ठेवा. तीन पंखे, तीन ओळींचा तक्ता. धारेचा लघुगणक व्यासाच्या लघुगणकासमोर मांडला की रेषेचा चढ पाचाहून किती कमी भरतो ते विद्यार्थ्यांना स्वतः वाचता येईल.